कार्ड बदलण्याआधी आलेख बघा

पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा ८०, ९०, कधी १०० सुद्धा दाखवत असतो आणि तरीही ऐन गोळीबारात चित्र क्षणभर थिजतं. मुंबईच्या साकीनाका, चांदिवली, असल्फा, जरीमरी या पट्ट्यात पीसीवर खेळणाऱ्या मुलांची ही नेहमीची तक्रार. तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, नवीन घे. मग घरात पैशांवरून बोलणी होतात, जुनं कार्ड लॅमिंग्टन रोडला देऊन वर वीस-पंचवीस हजार मोजले जातात आणि नव्या कार्डावरही तोच गचका त्याच वळणावर बसतो. गचक्याचं मूळ शोधता येतं, त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संगणकांत दोष कार्डाच्या ताकदीचा नव्हताच. म्हणून खिशात हात घालण्याआधी काय तपासायचं, ते इथे सविस्तर सांगतो.

आधी एफपीएसचा आकडा काय लपवतो ते पाहू. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. पण हा झाला सरासरीचा हिशेब. समजा एका सेकंदात ५७ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रखडली, तरी सेकंदभरात ५८ फ्रेम भरतात. कोपऱ्यात ५८ हा आकडा येतो आणि सगळं आलबेल वाटतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा चित्र गोठलेलं असतं. तेवढ्यात समोरचा नेम साधून मोकळा होतो. मेट्रो सुरू होण्याआधी, म्हणजे २०१४ च्या आधी, अंधेरी-कुर्ला रोडवर ३४० नंबरच्या बसची वाट पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तासाच्या गाड्या ठरल्याइतक्या सुटायच्या, पण साकीनाक्याच्या कोंडीतून तीन गाड्या एकामागोमाग यायच्या आणि मग बराच वेळ रस्ता रिकामा. सरासरी बरोबर, प्रवासी ताटकळलेला. खेळातही फ्रेम किती आल्या यापेक्षा त्या सारख्या अंतराने आल्या का, यावर चित्र सलग वाटतं की नाही ते ठरतं.

हे अंतर मोजायला हवं, ही जाणीव तशी उशिराच आली. सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजला आणि त्यावर कार्डांची परीक्षा करून दाखवली. तेव्हा एका संगणकात दोन कार्डं जोडायची पद्धत होती. त्यात एक फ्रेम लवकर आणि दुसरी उशिरा यायची. एफपीएस वाढलेले दिसायचे, खेळ मात्र तितका सुधारलेला नसायचा. २०१३ मध्ये एनव्हिडियाने पडद्यापर्यंत प्रत्यक्ष पोचलेल्या फ्रेम मोजणारी एफकॅट ही पद्धत पुढे आणली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीने फ्रेमचं अंतर सारखं राखणारा ड्रायव्हर दिला. दोन कार्डांचा जमाना सरला, पण आज परीक्षणांत ‘१ टक्का लो’ म्हणून जो आकडा छापतात, म्हणजे सगळ्यात रखडलेल्या १ टक्का फ्रेमचा एफपीएस, तो याच विचारातून आला. नवीन कार्डाचं परीक्षण वाचताना सरासरीच्या आधी तो आकडा बघत जा.

आता तुमच्या संगणकाकडे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर ही दोन सॉफ्टवेअर बसवा. नावात एमएसआय असलं तरी कोणत्याही कंपनीच्या कार्डावर ती चालतात. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट पानं बनवून व्हायरस वाटण्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा एमएसआयच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्या. सेटिंगमध्ये मॉनिटरिंगच्या भागात जाऊन फ्रेमटाइम निवडा आणि तो आकड्याऐवजी आलेखाच्या रूपात पडद्यावर येईल असं करा. त्याच्या जोडीला कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, तापमान आणि क्लॉक, तसंच प्रोसेसरचा वापर, तापमान आणि रॅम एवढं दिसू द्या. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही फ्रेमटाइम दाखवायची सोय आहे. स्पर्धात्मक खेळात तीच वापरलेली बरी, म्हणजे अँटी-चीटशी खटका उडायची भीती नाही. मग नेहमी खेळता तसं अर्धा-पाऊण तास खेळा. सेटिंग एकही बदलू नका. फक्त बघा.

आलेखाची रेषा सपाट असेल तर चित्र सलग असतं, मग एफपीएस ५० का असेना. रेषा सतत एक फ्रेम वर, एक फ्रेम खाली अशी नाचत असेल, तर बहुधा मॉनिटर, व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा यांचं आपसात जमत नाहीये. रेषा एरवी सपाट आहे, पण नवीन शस्त्र, नवा स्फोट, नवा राक्षस पहिल्यांदा दिसला की एकच उंच सुळका येतो आणि दुसऱ्या वेळी येत नाही, तर तो शेडर तयार होण्याचा गचका. नकाशातल्या ठरावीक जागी, कितीही वेळा गेलात तरी सुळका येतो, तर तिथे खेळ पुढचा भाग डिस्कवरून मेमरीत आणतोय. सुरुवातीला सगळं छान आणि वीस मिनिटांनी बिघडत जातं, तर उष्णता किंवा भरलेली मेमरी. आणि दर काही सेकंदांनी, घड्याळ लावल्यागत सुळका येत असेल तर मागे चाललेलं एखादं सॉफ्टवेअर. सुळका येतो त्या क्षणी कार्डाचा वापर किती होता तेही बघा. ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच दमलंय. तो ९५ वरून एकदम ४०-५० वर घसरला, तर कार्ड रिकामं बसून कोणाची तरी वाट बघतंय: प्रोसेसरची, रॅमची नाहीतर डिस्कची. अशा वेळी कार्ड बदलून पैसे वाया जातात.

इंटरनेटचा लॅग यात मिसळू देऊ नका. चित्र सलग फिरतंय, पण शत्रू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे दिसतात किंवा गोळी लागूनही नोंद होत नाही, तर तो जोडणीचा दोष. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतच आहे, तेव्हा साकीनाक्याहून पिंग कमी यायला हवा. दाटीच्या वस्तीत, जिथे एका भिंतीपलीकडे दहा-बारा वाय-फाय चालू असतात, तिथे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पिंग हेलकावे खाणारच. राउटरपासून लॅन केबल ओढा. खात्री करायची तर खेळाच्या सराव-मैदानात एकटे फिरा: तिथेही गचका येत असेल आणि फ्रेमटाइमची रेषा उडत असेल, तरच पुढचं वाचा.

सगळ्यात स्वस्त उपाय फ्रेमला मर्यादा घालण्याचा, आणि त्यालाच सगळ्यात जास्त विरोध होतो. ‘माझं कार्ड १३० देतंय, मी ९० वर का बांधू?’ असं विचारतात. कारण कार्ड १०० टक्के भरलेलं असताना प्रोसेसरने पाठवलेलं काम रांगेत साचतं, माऊस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ वाढतो आणि अवघड दृश्य आलं की सावरायला कार्डाकडे काही शिल्लक नसतं. १३० वरून क्षणात ७० वर कोसळणारा खेळ आणि अखंड ९० वर चालणारा खेळ यांत दुसराच हाताला चांगला लागतो. खेळात मर्यादेची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर रिव्हाट्यूनरमध्ये आकडा घाला. दोन-तीन ठिकाणी एकदम मर्यादा लावू नका.

मर्यादा किती, हे मॉनिटरवर अवलंबून आहे. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवीन चित्र घेतो. त्यावर ४५ एफपीएस बांधले तर काही फ्रेम एक वेळा आणि काही दोन वेळा दिसतात, आणि आलेख सपाट असूनही डोळ्याला खरखर जाणवते. तिथे ६० नाहीतर सरळ ३०. मॉनिटर १२० हर्ट्झचा असेल तर ४० एफपीएस छान बसतात, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दाखवली जाते. शिवाय ४० म्हणजे २५ मिलिसेकंद, ३० आणि ६० यांच्या वेळांच्या बरोबर मधोमध. जुन्या कार्डावर मोठे खेळ खेळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि मॉनिटर स्वतःचा वेग फ्रेमप्रमाणे बदलणारा असेल, म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंकवाला, तर सर्वांत उत्तम. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही बऱ्याच फ्रीसिंक मॉनिटरांशी जमवून घेतात. अशा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर मर्यादा १४०-१४१ ठेवा, म्हणजे फ्रेमचा वेग मॉनिटरच्या आवाक्याबाहेर जात नाही. खाली बहुतेक मॉनिटरांचा आवाका ४८ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. पण फ्रीसिंक लहानसहान चढउतार झाकतं, २०० मिलिसेकंदांचा सुळका नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

दोन गोष्टी इतक्या साध्या आहेत की सांगताना संकोच वाटावा, पण त्या वारंवार सापडतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० च राहिलेला असतो. आणि मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डला लावलेली असते. दोन्ही आजच तपासा.

आता रॅम. आपल्याकडे बजेट पीसी जुळवताना ८ किंवा १६ जीबीची एकच पट्टी टाकायची आणि ‘दुसरी नंतर टाकू’ म्हणायचं, ही रीत आहे. ती नंतर कधी येत नाही. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन पट्ट्या जोडीने ५१.२. प्रोसेसरला फ्रेमची तयारी करायला हा डेटा वेळेवर लागतो, आणि एकाच पट्टीवर चालणाऱ्या संगणकात सरासरी फार पडली नाही तरी १ टक्का लो चांगलाच पडतो. दोन पट्ट्या असतील तर त्या चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे का बघा; बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत असते, आणि तुम्ही पैसे मोजलेत ३२०० चे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव खूप चढले, त्यामुळे दुसरी पट्टी आता पूर्वीइतकी स्वस्त पडत नाही. तरीही एकच पट्टी असलेल्या संगणकात नव्या कार्डाआधी तिचाच नंबर लागतो. शक्यतो त्याच कंपनीची, त्याच वेगाची घ्या.

ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड पीसी घेऊन त्यांत जीटीएक्स १६५० टाकायची टूम मुंबईत बरीच रुजली आहे. कल्पना वाईट नाही. त्या कार्डाच्या बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, ती ७५ वॉटमध्ये भागवतात, आणि साधा एसएमपीएस तेवढं पेलतो. पण आत चौथ्या ते सहाव्या पिढीचा आय५ असतो: चार कोर, चार थ्रेड. व्हॅलोरंट त्यावर निभतं. शहरभर माणसं आणि गाड्या फिरवणारा आजचा मोठा खेळ लावला की चारही कोर १०० टक्क्यांवर जातात आणि कार्ड निम्मं रिकामं बसतं. या संगणकात त्याहून मोठं कार्ड घालणं हा मला सरळसरळ अपव्यय वाटतो. त्याऐवजी फ्रेमची मर्यादा घाला, गर्दी आणि दूरच्या दृश्याची सेटिंग कमी करा, ब्राउझर बंद ठेवा. पैसे साठवायचेच असतील तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तिघांसाठी साठवा.

कार्डाची स्वतःची मेमरी भरणं हे मात्र कार्डाचंच दुखणं. ४ आणि ६ जीबीच्या कार्डांवर, आणि २०२३ पासूनच्या काही खेळांत ८ जीबीच्या कार्डांवरही, टेक्श्चर ‘अल्ट्रा’वर ठेवले की मेमरी ओसंडते. मग जादाचा माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवून पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने ये-जा करावा लागतो. हा मार्ग किती अरुंद असतो याचं उदाहरण म्हणजे २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी. त्याची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देते, पण बोर्डाशी ते चारच लेननी जोडलेलं आहे. जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या बोर्डावर त्यातून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात. ४ जीबीची मेमरी भरली की पुढचा प्रत्येक तुकडा या फटीतून येणार, आणि प्रत्येक येण्याला एक सुळका. उपाय एकच आणि तो फुकट आहे: टेक्श्चर एक पायरी खाली आणा. बाकीची सेटिंग तशीच ठेवून हे केलं तर चित्रात फरक थोडा पडतो आणि गचके बऱ्याचदा थांबतात. फ्रेम जनरेशन चालू केलं तर तेही मेमरी खातं, शिवाय मुळातले एफपीएस साठच्या आसपास असल्याशिवाय त्याचा लाभ होत नाही. अडखळणाऱ्या खेळावर ते औषध म्हणून वापरू नका.

शेडरच्या गचक्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण त्यावरून सर्वांत जास्त कार्डं उगाच बदलली जातात. प्रकाश, धूर, पाणी, कातडं कसं दिसावं हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते प्रत्येक कार्डाच्या आपल्या भाषेत रूपांतरित व्हावे लागतात. प्लेस्टेशनमध्ये चिप ठरलेली, म्हणून बनवणारे ते काम कारखान्यातच उरकून देतात. पीसीत कार्डं शेकडो, ड्रायव्हर त्याहून जास्त, त्यामुळे हे रूपांतर तुमच्या घरी, तुमच्या प्रोसेसरवर होतं. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये ते कधी करायचं याची जबाबदारी खेळ बनवणाऱ्यावर आली. ती आधीच निभावली तर ठीक. नाहीतर स्फोट व्हायच्या क्षणी खेळ थांबतो, शेडर तयार होतो आणि मग स्फोट दिसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या एल्डन रिंगच्या पीसी आवृत्तीतले गचके महागड्या कार्डांवरही होते, ते उगाच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ ज्या अनरिअल इंजिन ४ वर बनवला, त्या इंजिनावरच्या अनेक परदेशी मोठ्या खेळांत हा दोष वर्षानुवर्षं राहिला. अनरिअल ५ च्या पुढच्या आवृत्त्यांत शेडर आधीच तयार करून ठेवण्याची व्यवस्था हळूहळू आली.

तुमच्या हातात काय आहे? खेळ पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली तर ती पूर्ण होऊ द्या. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या द लास्ट ऑफ अस पार्ट १ मध्ये या कामाला साध्या प्रोसेसरवर फार वेळ लागायचा आणि घाईने खेळायला बसणारे पस्तावायचे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशचा आकार १० जीबी किंवा त्याहून मोठा करा, आणि सी ड्राइव्हवर तेवढी जागा मोकळी ठेवा. संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर सावध: तयार शेडर हा त्यांच्या दृष्टीने कचरा असतो. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्येही डायरेक्टएक्स शेडर कॅशपुढे खूण करायची सोय आहे. ती खूण काढून टाका. आठवड्याला संगणक साफ करणारा मुलगा आठवड्याला गचके ओढवून घेत असतो. ड्रायव्हर बदलला की सगळे शेडर नव्याने होतात, म्हणून नव्या ड्रायव्हरवर पहिल्याच तासात निकाल देऊ नका, आणि स्पर्धेच्या दिवशी ड्रायव्हरला हातच लावू नका.

काही गचके तुमच्याने जाणारच नाहीत. एप्रिल २०२३ च्या स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हरमध्ये एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना बसणारे हिसके सर्वांत महाग कार्डावरही बसत होते. खेळ हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा, त्याने असे हिसके पुष्कळ कमी होतात; मोठे खेळ हार्ड डिस्कवर ठेवायचे दिवस संपले. एसएसडीवरही ते राहिले तर दोष बनवणाऱ्याचा आहे आणि पैसे परत मागणं हा तुमचा हक्क आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असाल तर पैसे मिळतात. मात्र खेळ उघडल्यानंतर शेडर तयार होण्यात गेलेली मिनिटंही त्या दोन तासांतच धरली जातात, हे ध्यानात असू द्या.

मुंबईच्या हवेविषयी लिहायलाच हवं. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात एसी नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत कॅबिनेट आधीच गरम हवा आत ओढतं. त्यात ते टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं आणि मागून भिंतीला टेकलेलं. कार्ड तापल्यावर आपला क्लॉक थोडा थोडा कमी करत जातं. बऱ्याच जीफोर्स कार्डांचं लक्ष्य ८३ अंशांचं असतं आणि तिथे एफपीएस हळूहळू उतरतात. धाडकन गचका सहसा येत नाही. उष्णतेचा खरा गचका प्रोसेसर, स्वस्त बोर्डाची वीज पुरवणारी सर्किटं आणि लॅपटॉप यांच्याकडून येतो. ते अचानक क्लॉक निम्म्याहून खाली पाडतात, थंड झाले की वर नेतात, आणि पुन्हा पाडतात. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तासभर खेळून बघा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं आणि गचके कमी झाले, तर हवा खेळत नाही हे सिद्ध झालं. एक पुढचा पंखा आणि कॅबिनेटची जागा बदलणं एवढ्यावर भागेल.

साकीनाक्यात घराच्या खाली किंवा शेजारी गाळा असतो, कुठे कटिंग, कुठे वेल्डिंग. तिथल्या धुळीत धातूचा बारीक कीसही असू शकतो आणि तो बोर्डावर बसणं धोक्याचं. दोन-तीन महिन्यांनी संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून ब्लोअर मारा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने ते भरधाव फिरू देऊ नका. पावसाळ्यात दमटपणामुळे कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. आपल्याकडे तिथे खोडरबर घासायची सवय आहे. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. पुन्हा बसवल्यावर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड किती लेनवर चाललंय ते बघा. १६ लेनचं कार्ड ४ किंवा १ लेनवर दिसलं तर ते नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या खाचेत आहे.

आवाजासकट एक-दोन सेकंद सगळंच अडखळत असेल आणि प्रोसेसर रायझन असेल, तर बायोसची तारीख बघा. प्रोसेसरमधल्या एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे असं होतं हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि एजेसा १.२.०.७ वर आधारलेल्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली. एफटीपीएम बंद करायचा सल्ला ऐकू नका, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला ते लागतं. बायोसच नवीन करा, आणि ते करताना संगणक यूपीएसवर असू द्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतो. मागे चालणारी सॉफ्टवेअर हा छोटा विषय आहे: दिव्यांचे रंग बदलणारी, दर सेकंदाला तापमान विचारणारी, खेळ आपोआप रेकॉर्ड करणारी एकेक बंद करून बघा. रजिस्ट्रीत फेरफार करून ‘शून्य गचका’ देणाऱ्या फायली मात्र कधीच चालवू नका. आणि हलका एसएमपीएस बहुधा गचका देत नाही, तो संगणक सरळ बंद पाडतो. त्याची तक्रार वेगळी समजा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तीच जागा, तोच मार्ग पुन्हा खेळा. पाच गोष्टी एकदम बदललेल्या मुलाला कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

एवढं करूनही कार्डाचा वापर ९९ टक्क्यांवर, टेक्श्चर खाली, मर्यादा लावलेली आणि रेषा तरीही वर असेल, तर कार्ड बदला, बिनदिक्कत. जुन्या बाजारातून घेणार असाल तर एवढं पाहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग संपलं आणि त्यात राबलेली कार्डं बाजारात उतरली. त्यांतली काही चांगली चालतात, काहींचे पंखे आणि थर्मल पॅड संपलेले असतात. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डांची मेमरी ११० अंशांना पोचली की वेग पाडते, म्हणून मेमरीचं तापमान जरूर विचारा. आरएक्स ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ कोरचं कार्ड मिळतं. जीपीयू-झेड लावून मोजा. आणि पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास खेळ चालवायला सांगा, पडद्यावर फ्रेमटाइमचा आलेख, कार्डाचं तापमान आणि क्लॉक तिन्ही दिसत असताना. चांगला दुकानदार याला ना म्हणत नाही. जो म्हणेल, त्याच्याकडून कार्ड घेऊ नका.